एका रांगेतली एक्केचाळीस माणसं

आमच्या खानदानातला सगळ्यात जाड माणूस मी आहे. माझं वजन एकोणसाठ किलो आहे.

या दोन वाक्यांचा मेळ बसत नाही हे मला कळतं. मी इंदूरजवळच्या राऊच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवतो, त्यातही ऑप्टिक्स, तेव्हा माप आणि आकडे मला तुम्ही शिकवू नका. पण पुरावा आमच्या हॉलमध्ये सोफ्याच्या वर काचेत लावलेला आहे, आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला बाबा स्वतः उठून तो दाखवतात. दूधवाल्यालासुद्धा!

या पुराव्याची सुरुवात दुसऱ्याच एका फोटोपासून झाली. माझे आजोबा, म्हणजे बाबांचे आबा, महूला फौजेत होते. त्यांच्या पलटणीचा एक फोटो आमच्याकडे आहे, उंचीला वीतभर आणि लांबीला साडेतीन हात. साठ-सत्तर जवान एकाच रांगेत, छाती काढून. डाव्या टोकाला आमचे आजोबा. आणि गंमत म्हणजे उजव्या टोकाला अगदी आजोबांसारखाच दिसणारा आणखी एक जण! तीच मिशी, तीच तिरकी टोपी, तोच 'मला काय करता' छाप चेहरा. घरात त्याला सगळे 'जुडवा' म्हणत. शांता आत्या (बाबांची धाकटी बहीण, महूलाच असते) शपथेवर सांगायची की तो साताऱ्याकडचा कोणी हवालदार होता. नागपूरचे काका म्हणायचे की हा आजोबांचा मेळ्यात हरवलेला भाऊ. रांगेच्या मागे एक बॅरेक आहे, ती धनुष्यासारखी वाकलेली दिसते. त्यावर मी वयाच्या अठराव्या वर्षापासून सांगत आलो होतो, "ओल लागून कागद आकसलाय." फिजिक्सवाला बोलला की आमच्याकडे कोणी वाद घालत नाही. बाबा मात्र हा विषय निघाला की गालातल्या गालात हसायचे आणि चहा मागायचे.

मागच्या वर्षी बाबांना ऐंशीवं लागलं. एके दिवशी त्या फोटोसमोर उभे राहून म्हणाले, "मिलिंद, मला असा एक फोटो पाहिजे. आपल्या सगळ्यांचा. एकाच रांगेत."

"अरे वा! मोबाईलवर काढू की, पॅनोरमा."

"मोबाईल नको. रोलवाला. आबांच्या वेळी होता तसलाच कॅमेरा आण." मग फोटोवर बोट ठेवून म्हणाले, "आणि कोणी कोणाच्या मागं उभं राहायचं नाही. आपल्या लोकांनी मागच्या रांगेत लई दिवस काढले. एका फोटोत तरी सगळे पुढे."

आता असं बोलल्यावर माणूस काय करेल? मी म्हणालो, "बाबा, तसलाच कशाला? त्याच्याहून भारी आणतो!"

माझी बायको सुनंदा स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, त्यांनी तसलाच सांगितलाय." (सुनंदा अकोल्याची. तिला ऐकू आलेलं जसंच्या तसं समजतं. आम्हा इंदूरवाल्यांना त्यात सुधारणा केल्याशिवाय चैन पडत नाही.)

दिवस ठरवायची झंझट नव्हती. चौदा एप्रिलला आमचं सगळं कूळ दर वर्षी महूला येतंच. नागपूर, भुसावळ, पुणे, जबलपूर, सगळे. गुरुजींकडून नव्हे, रेल्वेच्या वेळापत्रकातूनच मुहूर्त निघतो. जागाही ठरली, शांता आत्याच्या घरामागचं मोकळं मैदान. राहिला फक्त कॅमेरा. आणि तो मी निवडणार होतो!

सहा महिने मी दुसरं काही केलं नाही. पेपर तपासले नाहीत, गीझर दुरुस्त केला नाही, साल्याच्या साखरपुड्यात जेवताना मी शेजारच्या माणसाला रोलची रुंदी समजावत होतो. शेवटी असं ठरलं की कॅमेरा मोठ्या रोलचा घ्यायचा, ज्यात एक फोटो सतरा सेंटिमीटर लांब येतो आणि अख्ख्या रोलमध्ये फक्त चार फोटो निघतात. आता प्रश्न लेन्सचा. नव्वद मिलिमीटरची की एकशे ऐंशीची?

हे समजून घ्या, पुढे उपयोगी पडेल. नव्वदची लेन्स रुंद बघते. चाळीस फुटांवर उभं राहिलं की सगळी रांग मावते. पण टोकाला उभी असलेली माणसं थोडी पसरट येतात. एकशे ऐंशीची लेन्स सगळ्यांना सारखं वागवते, पण तिच्यासाठी दुप्पट लांब जावं लागतं, म्हणजे जवळजवळ ऐंशी फूट. आणि आत्याच्या मैदानात ऐंशी फूट मागे गेलं की माणूस शेजाऱ्याच्या म्हशींच्या गोठ्यात पोचतो.

हिशेब पक्का करायला मी एक्केचाळीस नातेवाइकांना फोन करून खांद्यांची रुंदी विचारली.

"काय रे मिल्या," आत्या म्हणाली, "सगळ्यांना शर्ट शिवतोयस का?"

"नाही आत्या, लेन्स निवडतोय."

"लेन्स डोळ्याला लावतात. खांद्याचं माप कशाला पाहिजे?"

मी समजावलं. इथेच चुकलो! समजावताना ते टोकाचं पण सांगून बसलो.

मग आत्या फार गोड आवाजात म्हणाली, "म्हणजे मी टोकाला उभी राहिले तर जाड दिसेन?"

"जास्त नाही आत्या. फक्त सव्वापट."

"कशाच्या सव्वापट?"

"आत्ता आहेस त्याच्या."

तिने फोन ठेवला. सुनंदा म्हणाली, "अहो, हे आकड्यात सांगायचं असतं का?" मग मी ते सुधारायला गेलो. घराण्याच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर मी टोकांना उभं करण्यासाठी सडपातळ लोकांची यादी टाकली. यादीत नऊ नावं होती. ज्यांचं नाव नव्हतं ते बत्तीस जण चिडले, आणि ज्यांचं होतं त्यातल्या तिघांना त्यांच्या बायकांनी विचारलं की तुम्हाला मी खायला घालत नाही का? भुसावळची वहिनी ग्रुप सोडून गेली. पण मी डगमगलो नाही. शास्त्रात भावनेला जागा नसते.

कॅमेरा मिळाला इंदूरच्या परदेशीपुऱ्यात. तिथे कन्हैयालालजी म्हणून जुने फोटोग्राफर आहेत, मिल चालू होत्या तेव्हा खात्याखात्याचे ग्रुप फोटो तेच काढायचे. आता स्टुडिओ बंद, पण कपाटभर सामान जिवापाड जपलेलं. भाड्याने देतात, तेही तोंड बघून. त्यांनी कुरकुऱ्या शेवेची वाटी माझ्याकडे सरकवली आणि 'भैया'चं इंदुरी 'भिया' करत विचारलं, "कितने लोग हैं, भिया?"

"एक्केचाळीस. इकतालीस. सब एक लाइन में."

"बस, तो फिर ये ले जाओ." त्यांनी कापडात गुंडाळलेलं एक लाकडी-पितळी प्रकरण टेबलावर ठेवलं. खाली दातेरी चकती, बाजूला चावी. "ये घूमता है. चाबी भरो, खुद घूमेगा, इधर से उधर. बारह सेकंड में पूरी लाइन आ जाएगी."

मी हसलो. आज आठवलं की मला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते, पण तेव्हा हसलो. मग त्यांना पाऊण तास लेक्चर दिलं. कॅमेरा फिरला म्हणजे कंपन आलं, कंपन आलं म्हणजे रेषा हलली! त्यापेक्षा कपाटात तो दुसरा दिसतोय, जो एका झटक्यात सगळी रांग टिपतो, तो शास्त्रीय. नव्वदच्या लेन्ससकट तो द्या.

कन्हैयालालजींनी सगळं ऐकून घेतलं. "कॉलेज में पढ़ाते हो?"

"हो. फिजिक्स."

"तभी," ते म्हणाले, आणि मला मागितलेला कॅमेरा बांधून दिला.

घरी आलो तर बाबा दारातच. "तसलाच मिळाला ना?"

"बाबा, तसल्याचा बाप मिळाला!"

बाबा इतके खूष झाले की मला मिठीच मारली. (आमच्याकडे मिठी फक्त लग्नात आणि निकालात मिळते.) आणि त्याच दिवशी संध्याकाळी ते एकटेच बाजारात जाऊन धावायचे पांढरे बूट घेऊन आले.

आठवडाभराने कॉलनीच्या चौकीदाराने मला गाठलं. "सरजी, बुरा मत मानना. अपने दादाजी सुबह बगीचे में झाड़ियों के पीछे दौड़ते हैं."

"दौड़ते हैं?"

"झुकके दौड़ते हैं. इस कोने से उस कोने. फिर एकदम सावधान खड़े हो जाते हैं, छाती निकालके. फिर घड़ी देखते हैं."

मी आणि सुनंदाने एकमेकांकडे पाहिलं. ऐंशीव्या वर्षी माणूस झुडपांमागून वाकून पळायला लागला तर घरच्यांनी काय समजायचं? त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी सगळं तपासून सांगितलं की प्रकृती माझ्यापेक्षा चांगली आहे. बाबा शर्टाची बटणं लावत म्हणाले, "चौदा एप्रिलपर्यंत टिकली की झालं." हे ऐकून सुनंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं बाबांना काहीतरी चाहूल लागली आहे. दुसऱ्या दिवसापासून ती त्यांना बदाम भिजवून देऊ लागली, आणि ते जास्तच जोरात पळू लागले.

चौदा एप्रिल आला. सकाळी वंदना झाली, गर्दीतून पायपीट करून सगळे आत्याच्या घरी जेवले, आणि दुपारी दोनला मी मैदानात सुतळी बांधून रांग लावली. एकदम सरळ! सडपातळ मंडळी टोकांना, आत्या मधोमध. कॅमेरा चाळीस फुटांवर तिपाईवर. त्याला लांब रबरी नळी, नळीच्या टोकाला फुगा. फुगा दाबला की शटर पडतं, म्हणजे मलाही रांगेत उभं राहता येणार होतं.

मी बाबांसाठी मध्यभागी खुर्ची ठेवली होती. ते बसेनात. "मी डाव्या टोकाला."

"बाबा, तुम्ही सगळ्यात मोठे! मधे बसा."

"डाव्या टोकाला म्हणालो ना?" पांढरा कुडता, पांढरा पायजमा आणि खाली ते बूट! जाऊन उभेच राहिले. मी त्यांच्या शेजारी, हातात फुगा.

"सगळे तयार? एक, दोन, तीन!" मी फुगा दाबला, आणि शेजारून बाबा गायब!

मागे वळून पाहतो तर बाबा रांगेच्या पाठीमागून वाकून पळतायत. एक्केचाळीस माणसांच्या मागून! उजव्या टोकाला पोचले, सावधानमध्ये उभे राहिले आणि धापा टाकत ओरडले, "आला का मी?"

कोणाला काही कळेना. तेवढ्यात रांगेच्या मधून आत्या म्हणाली, "मिल्या, त्या कॅमेऱ्याच्या डोळ्यावर झाकण आहे की रे!"

झाकण होतंच. (त्या कॅमेऱ्यात बघायची खिडकी वेगळी आणि लेन्स वेगळी. झाकण काढायचं विसरलात तरी खिडकीतून सगळं जग छान दिसतं. ही चूक होऊ शकते असं पुस्तिकेत मोठ्या अक्षरात छापलेलं होतं.) सगळे पोट धरून हसले. बाबा तर सगळ्यात जास्त! "बरं झालं, मला अजून एकदा सराव मिळाला," म्हणत ते तुरुतुरु डाव्या टोकाला परत आले.

मी झाकण काढून आलो. एक, दोन, तीन! फुगा दाबला, बाबा पुन्हा सुसाट.

"बाबा, थांबा! पळताय कशाला? फोटो निघाला पण!"

ते अर्ध्या वाटेत थबकले. "केव्हा?"

"तुम्ही डावीकडे होतात तेव्हाच. एका झटक्यात सगळा येतो."

"सगळा? एकदम?" त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हणजे तो फिरत नाही?"

"फिरत नाही, हीच तर त्याची खासियत बाबा! फिरणारापण मिळत होता, पण त्यात कंपन..."

माझं वाक्य पुरं झालं नाही. बाबांचा चेहराच उतरला. ते हळूहळू चालत खुर्चीपाशी आले, बसले, आणि वाकून बुटाची नाडी सोडायला लागले.

"दादा, काय झालं?" आत्याने विचारलं.

"काही नाही गं. तो जुडवा आहे ना फोटोतला, तो कोणी हवालदार नव्हता. आबाच होते." त्यांनी पहिली नाडी सोडली. "तो कॅमेरा फिरणारा होता. डावीकडून निघाला, आबांच्या अंगावरून पुढे गेला, की आबा रांगेच्या मागनं पळत उजव्या टोकाला. साहेबाला कळलं तेव्हा फोटो विलायतेला पोचला होता! मी आठ वर्षांचा असताना मला सांगितलं. म्हणाले, सगळ्यांना जागा एक, तुझ्या बापाला दोन! पण तू कोणाला सांगू नको. करून दाखव." त्यांनी दुसरी नाडी सोडली. "बहात्तर वर्षं पोटात ठेवलं. राहू दे मिलिंद. हाही छान येईल."

ते रागावले असते तर परवडलं असतं! त्यांचं ते 'राहू दे' मला इतकं लागलं की मी खाली बघत उभा राहिलो, हातात रबरी फुगा. बत्तीस वर्षं मी त्या वाकड्या बॅरेककडे बघत होतो. ऑप्टिक्स शिकवतो मी! कॅमेरा फिरला तरच सरळ इमारत अशी वाकते, हे पहिल्या वर्षाचं पोरगं सांगेल. आणि बाबांनी तर साध्या मराठीत सांगितलं होतं, तसलाच आण.

"तोंड काय पाडून उभायस?" आत्या कडाडली. "जा, तो फिरणारा घेऊन ये!"

"आत्या, येऊन-जाऊन तीन तास जातील. नागपूरवाल्यांची गाडी आहे."

नागपूरचे काका म्हणाले, "गाडी रोजच जाते. दादा रोज पळत नाही." आणि त्यांच्यातले सहाही जण चटईवर मांडी घालून बसले.

मी कन्हैयालालजींना फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ फक्त शेव खाल्ल्याचा आवाज येत होता. मग म्हणाले, "और वो कंपन का क्या हुआ, भिया?"

"गलती हो गई, बाबूजी."

"लेने आ जाओ. पर कैमरा आपके हाथ में नहीं दूँगा. मैं खुद चलूँगा."

साडेपाचला आम्ही परतलो. ऊन उतरलं होतं, बाबांनी बूट पुन्हा घातले होते, आणि पोह्यांची दुसरी परात संपली होती. कन्हैयालालजींनी माझी सुतळी बघितली, तोडली, तिचं एक टोक तिपाईला बांधलं आणि दुसरं टोक ताणून धरत मैदानात चुन्याने गोल कमान आखली. "इस पे खड़े हो जाओ सब."

"बाबूजी, लाइन सरळ पाहिजे! सीधी!"

"फोटो में सीधी आएगी," ते म्हणाले. "पीछे की दीवार टेढ़ी आएगी." आणि मग आत्याकडे बघून, "इसमें कोने वाला कोई मोटा नहीं आता, बहनजी."

आत्या माझ्याकडे न बघता तरातरा उजव्या टोकाला जाऊन उभी राहिली, शेजारी बाबांसाठी एका माणसाची जागा सोडून. बाबा डाव्या टोकाला, मी त्यांच्या शेजारी. कन्हैयालालजींनी बजावलं, "रोल एक ही है, और एक फोटो में पूरा जाता है. दादाजी पीछे से जाएँगे. बाकी कोई हिलेगा नहीं." त्यांनी चावी भरली. घर्रर्र आवाज करत कॅमेरा डावीकडून वळू लागला.

बाबांवरून गेला, माझ्यावरून गेला, आणि बाबा सुटले! काय पळाले म्हणून सांगू! सगळं कूळ ताठ उभं, ओठ न हलवता पुटपुटतंय, "चला दादा... चला दादा..." आणि तेव्हा मला आठवलं की मागे कडुलिंबाचं मूळ वर आलेलं आहे. दुपारी मीच त्याला अडखळलो होतो!

मागच्या वाटेने बाबा चाललेले, तिथे दोघांना जागा नाही. म्हणून मी पुढून पळालो. माणसांच्या फटींतून त्यांच्याकडे बघत, दोन्ही हात पसरून, "बाबा, मूळ आहे! बाबा, सांभाळून!" तिकडून कन्हैयालालजी ओरडत होते, "हटो भिया, हटो!" मला वाटलं ते बाबांची वाट मोकळी करतायत. बाबांनी मूळ टुणकन ओलांडलं आणि पुढे निघून गेले. मी पन्नाशीचा, सहा महिने खुर्चीत बसून लेन्सचा अभ्यास केलेला. मधल्या मधे दमलो, पण पाय ओढत नागपूरवाल्यांच्या समोरून तसाच चालत राहिलो आणि शेवटी जागच्या जागी बसलो. कॅमेरा मला सोडून पुढे गेला, आत्यावर आला, आणि तिच्या शेजारी बाबा छाती काढून तयार! खट्. थांबला.

असा गलबला झाला म्हणता! बाबांना सगळ्यांनी उचललंच. आत्या रडत होती, सुनंदा रडत होती, मीही रडत होतो. कन्हैयालालजी मात्र रोल काढता काढता माझ्याकडे बघत होते.

चार दिवसांनी त्यांचा फोन आला. "फोटो धुल गया है, भिया. आ जाओ. जरा दिल मजबूत करके आना."

फोटो झकास आला होता. रांग एकदम सरळ, मागे आत्याच्या कंपाउंडची भिंत धनुष्यासारखी वाकलेली. डाव्या टोकाला बाबा, शेजारी मी. उजव्या टोकाला बाबा, जराशी धाप लागलेले, पण चेहऱ्यावर तोच 'मला काय करता' भाव, सहीसही आजोबांचा. आणि मधोमध पुन्हा मी. फिरणाऱ्या कॅमेऱ्याच्या बरोबरीने, त्याच्याच चालीने कोणी चालत राहिला तर तो ताणला जातो. हे मी समजावून सांगू शकतो, मला कोणी विचारत नाही. माझं पोट चार माणसांएवढं होतं. शर्टाच्या चौकटी चादरीएवढ्या, बूट होडीएवढा, आणि तोंड आ वासलेलं. माझ्यामागे नागपूरचे सहाच्या सहा जण गडप! ज्यांनी गाडी सोडली तेच. काकांचा फक्त एक हात दिसतो, माझ्या कानामागून निघालेला. कोणी कोणाच्या मागे नको म्हणून सगळा खटाटोप, आणि सहा माणसं माझ्या एकट्याच्या पाठीमागे.

आत्याचा फोन आलाच. "मिल्या, टोकाला उभं राहिलं की जाड दिसतं म्हणालास ना? मी टोकाला होते. शिडशिडीत आलेय! तू रे कुठे होतास?"

आता बाबा रोज कोणाला ना कोणाला तो फोटो दाखवतात. डाव्या टोकावर बोट ठेवतात, "हा मी." मग डुलत डुलत उजव्या टोकाला जातात, "आणि हाही मीच!" ऐकणारा थक्क होतो, टाळी देतो, आणि मग त्याची नजर मधे जाते. परवा गॅस सिलिंडरवाल्याने विचारलं, "और दादाजी, ये बीच में क्या है? तंबू?"

"तो?" बाबा प्रेमाने म्हणाले. "तो आमचा प्रोफेसर. लेन्स कोणती घ्यायची, ते त्यालाच कळतं."